सशाचे कान

(नभोवाणीवरील भाषण)

संग्रहालयातील काचेच्या कपाटासमोर उभा राहिलेला प्रेक्षक प्रथम प्राण्याच्या डोळ्यांकडे पाहतो. डोळे तेजस्वी असतील, अंगावरचे केस नीट बसलेले असतील, तर तो समाधानाने मान डोलावतो. तरीही पुष्कळदा त्याच्या मनात एक अस्पष्ट शंका रेंगाळत राहते. प्राणी आहे खरा, पण त्यात काहीतरी चुकले आहे असे त्याला वाटते; काय चुकले ते मात्र सांगता येत नाही. अशा वेळी जाणकार मनुष्य बोट ठेवतो ते बहुधा कानावर. कान वाळून पापडासारखा आकसलेला असतो, त्याची कड आत वळलेली असते, किंवा तो डोक्याला मागाहून चिकटवल्यासारखा दिसतो. जिवंत प्राण्याचा कान क्षणभरही निश्चल नसतो. भीती, कुतूहल, सावधपणा, विश्रांती या साऱ्या अवस्था प्रथम कानात उमटतात. म्हणून ज्या कारागिराला कान साधला, त्याला प्राणी साधला, असे म्हणण्यास हरकत नाही.

सिल्वासा आणि तिच्या आसपासच्या दादरा-नगरहवेलीच्या मुलुखात या विषयाला एक विशेष महत्त्व आहे. दमणगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश जेमतेम 491 चौरस किलोमीटरांचा. पण त्याचा मोठा भाग साग, खैर आणि शिसव यांच्या रानांनी व्यापलेला आहे. येथील वन्यजीव अभयारण्य 2000 साली घोषित झाले. शाळेतील मुले सातमालियाला हरणे पाहतात, वासोण्याला सिंह पाहतात, आणि आनंदाने घरी परततात. परंतु ज्या रानात ही मुले लहानाची मोठी होतात, त्या रानाचे खरे रहिवासी त्यांना क्वचितच दिसतात. ससा झुडपात दडून बसलेला असतो. उदमांजर, साळिंदर आणि वटवाघूळ रात्री बाहेर पडतात. मुंगूस डोळ्यांसमोरून रस्ता ओलांडते तेव्हा दिसते ती केवळ एक करडी रेघ. सिल्वासातील आदिवासी संग्रहालयात मुखवटे, वाद्ये, मासेमारीची साधने असा मानवी जीवनाचा ठेवा जपून ठेवलेला आहे. वारली, कोकणा, धोडिया यांच्या पूर्वजांना ज्या लहान प्राण्यांची चाहूल पाचोळ्यावरच्या आवाजावरून कळे, त्या प्राण्यांचे रूप नव्या पिढीने निरखून पाहावे कोठे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. त्याचे एक उत्तर चर्मपूरणाच्या कलेत आहे. मात्र हे उत्तर खरे असावयास हवे. खोट्या कानाचा ससा पाहून शिकलेला मुलगा खोटेच शिकतो.

चर्मपूरण म्हणजे ‘पेंढा भरणे’ असा समज आपल्याकडे रूढ आहे, आणि एके काळी तो खराही होता. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात गवत, भुसा किंवा कापूस ठासून भरायचा, आणि प्राण्यासारखा आकार आला की समाधान मानायचे, अशी ती रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी अमेरिकेतील कार्ल एकली (1864 ते 1926) यांच्यासारख्या कलावंतांनी ही रीत मुळापासून बदलली. आधी प्राण्याच्या स्नायूंसहित मातीची मूर्ती घडवावयाची, तिचा साचा घ्यावयाचा, त्यातून हलका पोकळ देह तयार करावयाचा, आणि कमावलेले कातडे त्या देहावर वस्त्राप्रमाणे चढवावयाचे, हा नवा मार्ग होता. येथे कारागीर शिंप्याच्या जागी शिल्पकार झाला. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबाने वाघ-बिबळ्यांची जी कामे केली, तीही कागदाच्या लगद्याच्या देहावरच उभी होती. पण वाघाचा जाड कान आणि खारीचा नखाएवढा कान यांत फार अंतर आहे. मोठ्या प्राण्यावर हात बसलेला कारागीरही लहान प्राण्याच्या कानापाशी अडखळतो.

तो का अडखळतो, हे समजण्यासाठी कानाची रचना पाहावयास हवी. बाहेरून दिसणारा कान म्हणजे लवचीक कूर्चेचा एक पातळ पडदा. त्याच्या दोन्ही बाजूंना त्वचा असते. मागच्या, केसाळ बाजूची त्वचा कूर्चेला सैल चिकटलेली असते. आतल्या, खोलगट बाजूची त्वचा मात्र कूर्चेशी घट्ट एकजीव झालेली असते, आणि ती अत्यंत नाजूक असते. कूर्चेत पाण्याचा अंश भरपूर. प्राणी मेल्यावर ते पाणी उडू लागते, आणि कूर्चा आकसते, मुरडते. त्वचाही वाळते, पण दोघींचे आकसणे सारख्या प्रमाणात होत नाही. त्या ओढाताणीतून कान सुरळीसारखा वळतो. चर्मपूरणातील कानाचे सारे काम म्हणजे या ओढाताणीविरुद्ध योजलेला उपाय होय.

या कामाचा आरंभ सुरीने होत नाही, तो मोजपट्टीने होतो. लहान सस्तन प्राण्याचा नमुना हाती येताच त्याची चार मापे मिलिमीटरांत टिपून ठेवण्याची शास्त्रीय परंपरा आहे: डोके व धड मिळून लांबी, शेपटीची लांबी, मागच्या पावलाची लांबी, आणि कानाची लांबी. कानाचे माप त्याच्या बुडाशी असलेल्या खाचेपासून टोकापर्यंत घेतात. ते ताज्या देहावरच घ्यावयास हवे, कारण वाळलेला कान आपले मूळ माप पुन्हा कधी सांगत नाही. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली भारतातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, आणि तिचे पहिलेच क्षेत्र होते आपले खानदेश. क्रम्प नावाच्या संग्राहकाने तेथे नमुने गोळा केले, आणि रॉटन यांनी त्यांचा अभ्यास करून अहवाल लिहिला. पुढे अनेक प्रांतांतून हजारो कातडी जमली. प्रत्येकीच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक आणि ही मापे असत. एखादा उंदीर अमुक जातीचा की तमुक जातीचा, याचा निर्णय करताना कानाच्या दोन-चार मिलिमीटरांचाही उपयोग होतो. कातडे जीर्ण झाले तरी चिठ्ठी बोलत राहते.

मापे झाली की कानाचे रेखाचित्र किंवा छायाचित्र घ्यावे, जमल्यास ताज्या कानाचा प्लास्टरचा ठसाही घ्यावा. मग कातडे सोडविण्याचे काम सुरू होते. डोक्याकडे येताना कान ओढून काढावयाचा नसतो. कवटीच्या अगदी जवळ, कर्णनलिकेच्या बुडाशी कूर्चा कापावयाची, म्हणजे कानाचे मूळ कातड्याबरोबर अखंड निघते. येथे सुरी जराशी वर सरकली तर कानाच्या बुडाशी भोक पडते, आणि ते मागाहून कितीही शिवले तरी लपत नाही.

यानंतर येते ती खरी परीक्षा, म्हणजे कान उलटण्याची. सशाच्या आकाराच्या प्राण्यात मागची त्वचा आणि कूर्चा यांच्यामध्ये बोथट टोकाचे गुळगुळीत साधन हळूहळू सरकवतात. लाकडाची किंवा हाडाची घासून गुळगुळीत केलेली काडीही चालते. मूठ दाबली असता टोके मिटण्याऐवजी उघडतात, अशी पक्कडही कारागीर वापरतात. बुडापासून टोकाकडे आणि मध्यापासून कडांकडे असे जात जात हातमोज्याचे बोट उलटावे तसा कान आतून बाहेर उलटला जातो. कडेपासून थोडे अलीकडे थांबणे शहाणपणाचे. कडेवर दोन्ही त्वचा मिळतात, आणि तेथे घाई केली की कान फाटतो. येथे हाताच्या जोरापेक्षा बोटांच्या कानोशाला अधिक किंमत आहे.

कान उलटण्याची एवढी यातायात कशासाठी, असे नवशिक्याला वाटते. त्याचे उत्तर आपल्या हवेत आहे. सिल्वासाचा पावसाळा मुबलक आणि दमट. अशा हवेत मृत कातड्यावर जंतू झपाट्याने वाढतात, केसांची मुळे सैल पडतात, आणि केस झुपक्यांनी सुटू लागतात. ओठ, पापण्या आणि कान या जागा सर्वांआधी बिघडतात. कान न उलटता वरवर मीठ चोळले, तर ते दोन त्वचांच्या मध्ये पोचतच नाही. बाहेरून कान शाबूत दिसतो, आणि काही दिवसांनी हात लावताच त्याचे केस बोटांना चिकटून येतात. म्हणून उलटलेल्या कानात बारीक मीठ कानाकोपऱ्यांत चोळावयाचे, आणि पाणी सुटले की ते झटकून पुन्हा नवे चोळावयाचे. मग मीठ व तुरटीच्या पाण्यात किंवा आजकालच्या अन्य द्रावणांत कातडे कमावले जाते. मिठाने पाणी ओढून घेतले जाते आणि तुरटीने कातड्याचे तंतू आवळले जातात. एवढे झाले म्हणजे केस जागच्या जागी राहण्याची निश्चिंती येते.

पण हा नियम सर्वांना लागू नाही. खार, उंदीर, चिचुंद्री यांचे कान इतके पातळ असतात की ते उलटू पाहणारा ते गमावूनच बसतो. त्यांची कूर्चा तशीच ठेवावयाची, आतून-बाहेरून संरक्षक द्रव कुंचल्याने लावावयाचा, आणि कान ओला असतानाच त्याला आधार द्यावयाचा. आधार म्हणजे कानाच्या आकाराचे पातळ पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एक पुढून व एक मागून. ते हलक्या हाताने टाचणीने किंवा लहान चिमट्याने धरून ठेवतात. दाब अधिक झाला तर पुठ्ठ्याची कड कानावर उमटते, कमी झाला तर कान सुरकुततो. कीटकभक्षी वटवाघळांच्या कानांची गुंतागुंत तर अशी असते की अभ्यासासाठी अखंड देह मद्यार्कात ठेवणेच पुष्कळदा पसंत केले जाते. कोणते काम हाताने करू नये हे ओळखणे हेही कसबच आहे.

सशाच्या कानाचे काम मात्र येथून पुढे रंगते. कूर्चा काढून टाकली की त्वचेची एक रिकामी खोळ उरते. तिच्यात नवी कूर्चा घालावी लागते. पूर्वी त्यासाठी शिशाचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा, टीपकागदाचे थर, कागदाचा लगदा अशी साधने वापरीत. आता साच्यात घडवलेले प्लास्टिकचे पातळ पान किंवा घट्ट होणारा कृत्रिम लगदा वापरतात. साधन कोणतेही असो, नियम एकच: आतला आधार मूळ कूर्चेहून जाड नसावा. सशाचा कान उन्हाकडे धरला तर त्यातून प्रकाश झिरपतो, रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. त्या जाळ्यातून वाहणारे रक्त अंगातील उष्णता हवेत सोडते, आणि उन्हाळ्यात सशाला त्याचा आधार असतो. असा कान चामड्याच्या चपलेसारखा जाड दिसला, तर त्या प्राण्याच्या जगण्याचा अर्थच पुसला जातो.

याहूनही अधिक दुर्लक्षित जागा म्हणजे कानाचे मूळ. कान हे डोक्यावर खोचलेले पान नव्हे. त्याच्या बुडाभोवती लहान लहान स्नायूंचा पुंजका असतो, आणि त्या स्नायूंच्या बळावर प्राणी कान फिरवतो. कातड्याबरोबर हे स्नायू जात नाहीत. म्हणून त्यांच्या जागी मातीचा उठाव घडवावा लागतो. पुष्कळ नमुन्यांतील बिघाड येथेच असतो. कान सुरेख, पण बुडाशी खळगा. मग तो जीवहीन दिसतो. दोन्ही कानांची मुळे डोळ्यांपासून समान अंतरावर आहेत की नाहीत, हे समोरून, वरून आणि मागून पाहावयाचे असते. एकाच बाजूने पाहून समाधान मानणाऱ्याला दुसरी बाजू नेहमी फसवते.

मग प्रश्न येतो ठेवणीचा, आणि तेथे पुस्तकापेक्षा रान अधिक शिकवते. सावध झालेल्या सशाचे कान ताठ उभे असतात, पण गवतातील आपल्या बैठकीत दबून बसलेला ससा तेच कान पाठीवर सपाट टाकतो. दबलेल्या सशाला उभे कान देणारा कारागीर एकाच देहात दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतो. मुंगसाचे कान आखूड, गोलसर आणि डोक्याला लागून असतात. ते मांजराप्रमाणे उभे केले की मुंगूस राहत नाही. रानमांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या भागात त्वचेची एक लहानशी खिशासारखी घडी असते. ती दोष समजून सपाट करणारे अनेक आहेत. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाच्या कानाच्या दोन्ही कडा बुडाशी मिळून पूर्ण वलय होते. उलट अनेक कीटकभक्षी वटवाघळांत कानाच्या छिद्रासमोर त्वचेची एक बारीक पात उभी असते. एवढ्याशा पातीवरून जाती ओळखल्या जातात. नमुना वाळताना ती पात वाकली, तर एक आख्खे अक्षर पुसले गेले असे समजावे.

कान बसवून झाला म्हणजे काम संपत नाही. पुढील काही दिवस कातडे वाळत असते, आणि वाळणारे कातडे आपल्या मनाप्रमाणे ओढ घेते. कुशल कारागीर रोज नमुन्यापाशी येतो, टाचण्या सैल करतो, कड पुन्हा दाबतो, आवश्यक तेथे ओलावा देतो. आणि शेवटी रंग. रक्त गेलेली त्वचा पिवळट, तपकिरी पडते. आतल्या बाजूला पातळ रंगाचा एक हलका थर द्यावा लागतो, इतका हलका की रंग दिलेला आहे हे कोणाला कळू नये.

येथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे, कारण त्याचा संबंध शाळांतील मुलांशी येतो. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेट्झ येथील बेकूर नावाच्या औषधविक्रेत्याने सोमलमिश्रित साबण तयार केला. कीटकांपासून कातडी वाचविण्यात तो इतका परिणामकारक ठरला की जगभरच्या संग्रहांत त्याचा वापर विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालू राहिला. सोमल विष आहे, आणि ते वर्षांनुवर्षे कातड्यात तसेच राहते. जुन्या शाळांच्या कपाटांत धूळ खात पडलेले पक्षी, खारी किंवा ससे असतील, तर त्यांना मुलांनी उघड्या हातांनी कुरवाळू नये. ते झटकू नयेत. हलवावे लागलेच तर हातमोजे घालावेत, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. जुन्या नमुन्याच्या कानावर किंवा डोळ्यांच्या कडांना पांढरी पूड दिसली तर विशेष सावध राहावे. टाकणखारासारखी कमी घातक द्रव्ये नंतर रूढ झाली, परंतु कपाटातल्या नमुन्यावर कोणते द्रव्य आहे हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राण्यांच्या शिकारीला आळा घातला, आणि 1991 च्या दुरुस्तीने ती बंदी अधिक कडक झाली. हौसेखातर कातडी भरून घेण्याचा जमाना संपला. खानवेलच्या रस्त्यावर वाहनाखाली सापडलेला ससा किंवा उदमांजर दिसले, तर तेही उचलून घरी न्यावयाचे नसते. कायद्याने संरक्षण दिलेला मृत वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. त्याची वर्दी वनखात्याला द्यावी, हाच योग्य मार्ग.

मग ही कला मेली काय? तसे झालेले नाही. मुंबईच्या परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविणारे डॉ. संतोष गायकवाड यांना 2003 साली छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नमुने पाहून या कलेचा ध्यास लागला. त्यांनी ती बव्हंशी स्वप्रयत्नाने आत्मसात केली. 2009 साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्यांच्या चर्मपूरणाचे केंद्र सुरू झाले. तेथील कामाचे तत्त्व असे की प्राणी मारावयाचा नाही. नैसर्गिक रीतीने किंवा अपघाताने मेलेल्या प्राण्याचे रूप, वनखात्याच्या परवानगीने, शिक्षणासाठी जतन करावयाचे. ज्या संग्रहालयातून या प्रयत्नाला प्रेरणा मिळाली, तेथील निसर्ग-विभाग 1923 साली प्रेक्षकांना खुला झाला होता, आणि त्याच्या उभारणीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा व तिचे अभिरक्षक प्रेटर यांचा मोठा वाटा होता. जुन्या पिढीचे काम असे नव्या पिढीला बोलावून घेते.

खानदेशात नमुने गोळा करणाऱ्यांनी प्राणी मारले, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. त्या काळी कोणत्या रानात कोणता प्राणी आहे याची यादीही उपलब्ध नव्हती, आणि ती याच मार्गाने तयार झाली. आज त्या यादीच्या आधारावर रक्षणाचे काम चालते. म्हणून आजच्या विद्यार्थ्याचा मार्ग वेगळा असावयास हवा. सिल्वासाच्या शाळेतील एखाद्या मुलाला या कलेची गोडी लागली, तर त्याने आरंभ माती, पुठ्ठा आणि पेन्सिल यांपासून करावा. पाळलेल्या सशाचा कान निरनिराळ्या वेळी कसा वळतो ते पाहावे, त्याचे माप घ्यावे, चित्र काढावे, मातीत घडवावे. मांजराच्या कानावरची ती घडी शोधावी. एवढे केले तरी त्याची दृष्टी पूर्वीची राहणार नाही. अशी दृष्टी लाभलेला मुलगा पुढे चर्मपूरण शिको वा न शिको, रानातल्या सशावर दगड उगारताना त्याचा हात थबकेल.

मेलेल्या प्राण्याला पुन्हा जीव देणे कोणाच्या हाती नाही. त्याचे रूप मात्र खोटे पडू न देणे हे माणसाच्या हाती आहे. प्राणी वाहनाखाली एकदा मरतो. त्याचा नमुना निष्काळजीपणे केला, तर त्याच्या मरणातून जे शिकावयाचे तेही वाया जाते. कानाच्या पातळ कडेवर तासन्‌ तास झुकलेला कारागीर हे दुसरे नुकसान टाळत असतो. त्याच्या श्रमाचे चीज तेव्हा होते, जेव्हा कपाटासमोर उभे असलेले मूल सशाकडे पाहताना आपोआप आवाज खाली आणते, जणू मोठ्याने बोललो तर ससा ऐकेल.